वार्धक्यातील नैराश्य आणि मंदावणारी पावले

सकाळचा फेरफटका गुडघेदुखीच्या निमित्ताने बंद होतो. पुढे भाजी आणणे थांबते, बँकेचे व्यवहार मुलाकडे जातात आणि काही महिन्यांत खुर्चीतून उठतानाही कोणाचा तरी हात लागतो. घरातील मंडळी 'वयोमान' म्हणून मोकळी होतात. या घसरणीमागे गुडघ्यांइतकाच मनाचाही हात असू शकतो, हे मात्र क्वचितच कोणाच्या लक्षात येते.

या संबंधाचा एक महत्त्वाचा पुरावा अमेरिकेतील आयोवा राज्यातून मिळाला. तेथे ७१ वर्षे व त्यावरील १,२८६ व्यक्तींच्या तीन साध्या चाचण्या १९८८ मध्ये घेण्यात आल्या: तोल सांभाळून उभे राहणे, आठ फूट चालणे आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठणे. चार वर्षांनी त्याच चाचण्या पुन्हा घेतल्या गेल्या. आरंभी नैराश्याची लक्षणे जितकी तीव्र, तितकी पुढे शारीरिक क्षमता घटण्याची शक्यता अधिक, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. आरंभीची प्रकृती व वय यांचा हिशेब केल्यावरही निष्कर्ष टिकला. विशेष म्हणजे, ज्यांना चालण्या-फिरण्याची कोणतीही अडचण नव्हती, अशा धडधाकट वृद्धांतही हेच दिसून आले. आजारपणामुळे मन खचते, एवढेच स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरते.

अर्थात उलट दिशाही तितकीच खरी आहे. पक्षाघात, हृदयविकार वा मांडीच्या हाडाचा अस्थिभंग यांनंतर नैराश्य येण्याचे प्रमाण मोठे असते. उत्साह गेला की हालचाल कमी होते, भूक मंदावते, स्नायू क्षीण होतात. पडण्याच्या भीतीने माणूस घरातच राहतो आणि एकटेपणा वाढतो.

भारतात मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणांच्या प्रश्नावलीनुसार साठीपुढील ८.३ टक्के व्यक्तींत तीव्र नैराश्याची शक्यता आढळली. निदान झाल्याचे सांगणारे मात्र अवघे ०.८ टक्के होते.

निदान हुकण्याचे कारण उघड आहे. आपल्याकडील आजी-आजोबा 'मन उदास आहे' असे सहसा म्हणत नाहीत. अंग दुखते, झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, असे सांगतात. नेमक्या याच तक्रारी वार्धक्यातही असतात. म्हणूनच ज्येष्ठांसाठी १९८०च्या दशकात तयार झालेल्या नैराश्य-मापन प्रश्नावलीत शारीरिक लक्षणे हेतुपुरस्सर वगळण्यात आली. तिच्या संक्षिप्त आवृत्तीत 'होय' वा 'नाही' अशी उत्तरे असलेले पंधरा प्रश्न असून त्यांना काही मिनिटे पुरतात. थायरॉइडची मंदगती किंवा 'बी १२' जीवनसत्त्वाची कमतरताही नैराश्यासारखीच दिसते. तेव्हा रक्ततपासणी टाळू नये.

उपचारांत समुपदेशन, नियमित व्यायाम आणि गरजेनुसार औषधे यांचा समावेश होतो. औषधांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात, आणि तेवढ्यात कंटाळून ती सोडणारेही पुष्कळ असतात. उतारवयात काही औषधांनी रक्तातील सोडियम घटण्याचा वा तोल जाऊन पडण्याचा धोका असल्याने मात्रा अल्प ठेवून सावकाश वाढवली जाते. केंद्र सरकारच्या २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेवर १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.