भयाचा डोळा : 'अमृतमंथन'पासून विद्यार्थ्यांच्या दोन मिनिटांपर्यंत

भयपटाच्या पहिल्या दोन मिनिटांत फारसे काही घडत नाही, आणि तरीही चित्रपटाचे पुष्कळसे भवितव्य त्या दोन मिनिटांतच ठरते. कशाला घाबरायचे, कुणाच्या बाजूने घाबरायचे आणि ज्याला घाबरायचे तो कोण, हे दिग्दर्शक तेथेच ठरवून टाकतो. ब्रिटनमधील माध्यम-अभ्यासाच्या शालेय अभ्यासक्रमात एखाद्या काल्पनिक चित्रपटाचा श्रेयनामावलीसह दोन मिनिटांचा आरंभ तयार करणे हा वर्षानुवर्षे एक रूढ स्वाध्याय होता आणि त्यासाठी विद्यार्थी बहुधा भय-रहस्याचाच प्रकार निवडत. आता मोबाइलमध्ये कॅमेरा आणि संकलन दोन्ही आल्यामुळे आपल्याकडच्या महाविद्यालयांतही, अगदी सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावातून येणारी मुलेसुद्धा, असे प्रयत्न करू शकतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या प्रयत्नांत वारंवार जे दिसते ते विचार करायला लावणारे आहे. पडका वाडा, कुत्र्याचे रडणे, करकरणारे दार आणि शेवटी मोकळ्या केसांची, पांढऱ्या साडीतली बाई. भय म्हणजे ती बाई, असे गृहीत धरूनच आरंभ लिहिला जातो. मराठी मुलखातल्या भयपटाचा आरंभ मुळात असा होता काय, हा प्रश्न इतिहासाला विचारून पाहण्यासारखा आहे.

चंडिकेच्या देवळातील डोळा

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्यात आली. पुण्याच्या नव्या स्टुडिओतील तिचा पहिला चित्रपट म्हणजे व्ही. शांताराम दिग्दर्शित 'अमृतमंथन' (१९३४). नारायण हरी आपटे यांच्या 'भाग्यश्री' या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. त्याला कुणी भयपट म्हणत नाही. त्याची गणना सामाजिक आशयाच्या पोशाखी चित्रपटांत होते. पण त्याचा आरंभ आजही पाहावा असा आहे. चंडिकेच्या देवळात रात्रीच्या वेळी अनुयायी जमलेले आहेत, ज्योतींचा उजेड हलतो आहे आणि राजगुरू बोलतो आहे. राजा क्रांतिवर्मा याने नरबळी आणि पशुबळी बंद केले, म्हणून त्याला मारायचे आहे. कॅमेरा राजगुरूच्या चेहऱ्याशी जातो आणि अखेरीस पडद्यावर केवळ एक डोळा उरतो. भारतीय चित्रपटात टेलिफोटो लेन्सचा हा पहिला वापर मानला जातो. हिंदी आवृत्तीत हा डोळा चंद्रमोहन यांचा होता, मराठीत राजगुरूची भूमिका केशवराव दाते यांनी केली.

या आरंभाची थोरवी तांत्रिक करामतीत नाही. देवळात भयानक मूर्ती आहे, अंधार आहे, कटाची कुजबुज आहे. एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने मूर्तीवरच कॅमेरा नेला असता. शांतारामांनी तो माणसाच्या डोळ्यावर नेला. देवीच्या नावाने भीती उत्पन्न करणारा आणि त्या भीतीवर जगणारा जो माणूस, त्याचेच दर्शन प्रेक्षकाला प्रथम घडले. भय कोणाचे, याचे उत्तर पहिल्याच प्रसंगात मिळाले. महाराष्ट्रात तयार झालेल्या भयदृश्यांच्या परंपरेत हा आरंभ मूलभूत मानावा असे मला वाटते.

दिसण्याआधी ऐकू येणारे

पुढचा टप्पा मुंबईचा. बॉम्बे टॉकीजचा, कमाल अमरोही दिग्दर्शित 'महल' (१९४९) हिंदी असला तरी या चर्चेत तो टाळता येत नाही. वादळी रात्र, ओसाड हवेली, नवा मालक आणि जुन्या माळ्याने सांगितलेली तिची करुण हकिकत, असा त्याचा आरंभ आहे. पुढे कित्येक दशके भारतीय भयपटांनी हाच साचा गिरवला. मात्र 'महल'चे खरे सामर्थ्य ध्वनीत आहे. लता मंगेशकरांचा आवाज दुरून हळूहळू जवळ येतो असे भासावे म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांना मायक्रोफोनपासून दूर उभे करून गात गात त्याच्याकडे चालत यायला सांगितले होते, ही हकिकत प्रसिद्ध आहे. त्यासाठी यंत्र लागले नाही, लागली ती कल्पना. ज्या विद्यार्थ्यापाशी एक मोबाइल आणि एक मोकळी खोली आहे, त्याला यातून जितके शिकता येईल तितके महागड्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीतून येणार नाही.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. 'महल'मधले भूत शेवटी भूत नसते. ती माळ्याची जिवंत मुलगी असते. साच्याची नक्कल करणाऱ्यांनी हवेली घेतली, आवाज घेतला आणि ही कलाटणी नेमकी सोडून दिली.

मराठीत 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या वसंत जोगळेकरांच्या चित्रपटाने सावली आणि चांदणे यांचे भय गाण्यातून घरोघरी पोचवले. ते इतके रुजले की 'रात्रीस खेळ चाले' हे त्यातील गाण्याचे शब्द चाळीस वर्षांनी, २०१६ साली, एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षक झाले. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'ने (१९९३) परदेशी बाहुल्याची कल्पना उचलली, पण तिला रामदास पाध्ये यांच्या बोलक्या बाहुल्यांच्या परंपरेची जोड देऊन ती आपलीशी केली. उसनवारी हा दोष नव्हे. उसने आणलेले रोप इथल्या मातीत जगते की नाही, एवढेच पाहायचे असते.

त्याच आवारातले विद्यार्थी

प्रभातचा स्टुडिओ बंद पडल्यानंतर त्याच आवारात १९६० साली शासनाने चित्रपट-शिक्षणाची संस्था सुरू केली; तीच आजची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट. 'अमृतमंथन'मधला डोळा जिथे चित्रित झाला, तिथेच पुढे विद्यार्थी प्रकाशयोजना शिकू लागले. त्यांच्या पदविका-चित्रपटांचा इतिहास आपल्याकडे समीक्षकांनी फारसा लिहिलेला नाही. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या शाखांचे विद्यार्थी एकत्र येऊन हा चित्रपट करतात. मोजकी कच्ची फिल्म, ठरलेली लांबी आणि ठरलेले दिवस या मर्यादेत तो पुरा करावा लागे. फिल्मचा प्रत्येक फूट मोजून वापरायचा असल्यामुळे विचार आधी आणि चित्रण नंतर, ही शिस्त आपोआप अंगी बाणे.

विधू विनोद चोप्रा यांचा 'मर्डर ॲट मंकी हिल' (१९७६) हा असाच पदविका-चित्रपट. विद्यार्थ्याने केलेल्या या रहस्य-थरारपटाला प्रायोगिक लघुपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे त्याच कथेवर चोप्रांनी 'सजाए मौत' (१९८१) हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. श्रीराम राघवन हेही याच संस्थेचे विद्यार्थी. त्यांची पुढची बहुतेक वाटचाल थरारपटाचीच आहे. थरार हा बाजारू प्रकार आहे, अभ्यासाचा नव्हे, असे मानणाऱ्या आम्हां साहित्याच्या प्राध्यापकांना हा इतिहास बराच काही शिकवतो.

सातशे पाने

मराठी भयकथेचा विचार नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्याशिवाय होऊ शकत नाही. धारपांची पुस्तके शंभराहून अधिक. त्यांच्या 'आजी' या कथेचे मूळ स्टीफन किंग यांच्या कथेत आहे. पण मराठी घरातली म्हातारी, तिची खोली, तिच्या जवळ जाण्याची मुलाच्या मनातली धास्ती हे सारे मराठी वाचकाला परके वाटत नाही. नाटककार अनिल बर्वे यांचे चिरंजीव राही अनिल बर्वे यांनी तरुणपणी धारपांची कथा मित्राच्या तोंडून ऐकली आणि १९९७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, 'तुंबाड'चा पहिला आराखडा लिहिला. चित्रपट प्रदर्शित झाला १२ ऑक्टोबर २०१८ रोजी. मधली एकवीस वर्षे म्हणजे नियोजनाचा एक पाठच आहे. २००८ मध्ये त्यांनी 'मांजा' हा लघुपट केला. २००९-१० च्या सुमारास 'तुंबाड'चा सुमारे सातशे पानांचा चित्र-आराखडा, म्हणजे स्टोरीबोर्ड, काढला. चित्रीकरण पावसाळ्यातच करायचे, या आग्रहापायी वर्षे गेली. सासवडच्या जुन्या वाड्यात, कोकणात, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर चित्रीकरण झाले. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून सुचलेले. म्हणजे हिंदीत बोलणाऱ्या या चित्रपटाची मुळे मराठी ग्रंथांत खोलवर गेलेली आहेत.

त्याचा आरंभ पाहावा. सुरुवातीला महात्मा गांधींचे माणसाच्या हावेविषयीचे वचन, मग बापाने मुलाला सांगितलेली समृद्धीच्या देवीची आणि तिच्या लोभी थोरल्या पुत्राची कथा, आणि त्यानंतर १९१८ सालचे पावसात भिजलेले तुंबाड. साखळीने बांधलेली म्हातारी भयंकर आहेच, पण ती भयाचे मूळ नाही. तीही हावेची बळी आहे. मूळ आहे वाड्यातल्या सोन्याविषयीची माणसाची ओढ, आणि ते चित्रपटाने पहिल्याच क्षणी सांगून टाकले आहे. त्याच्या चौऱ्याऐंशी वर्षे आधी चंडिकेच्या देवळात जो डोळा दिसला होता, त्याच वंशातला हा आरंभ आहे.

विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ने (२०१७) हीच दिशा मराठवाडा-पश्चिम महाराष्ट्राच्या प्रेक्षकाला अगदी परिचित असलेल्या जागेत नेली. वाडा नाही, किल्ला नाही; उसाचे रान आणि त्यातले एक घर. गर्भवती नायिकेला तिथे मुलांचे खेळणे ऐकू येते. चित्रपट संपेपर्यंत कळते की भीती वाटावी ती त्या मुलांची नव्हे. मुलीचा जीव नको असलेल्या जिवंत माणसांची. उसाचे पीक पुरुषभर वाढले की चार पावलांवरचे दिसत नाही, हा अनुभव शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला असतो. त्या अनुभवाचा चित्रपटाने अर्थ लावला. हिंदीत 'छोरी' (२०२१) या नावाने त्याची पुनर्निर्मिती झाली.

साखऱ्यात आरंभ कुठून करावा?

आता आपल्या विद्यार्थ्याकडे वळू. साखरा हे हिंगोली जिल्ह्यातले, विदर्भाच्या सीमेलगतच्या तालुक्यातले गाव. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सीमेपलीकडचा वऱ्हाड १९४७ पर्यंत ब्रिटिश अमलात. रझाकारांच्या काळात इथल्या कित्येक कुटुंबांनी रातोरात ती सीमा ओलांडली. तिकडे उमरखेडला स्टेट काँग्रेसचे सीमा-शिबिर होते. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'रझाकारी' हा शब्द आजही येतो. रात्री दारावर पडलेली थाप, विझवलेला कंदील, मुलाच्या तोंडावर ठेवलेला आईचा हात आणि बाहेर घोड्याच्या टापा : या दोन मिनिटांना एकाही भुताची गरज नाही.

लोककथाही आहेतच. मुंजा पिंपळावर राहतो, चकवा वाटसरूला रात्रभर फिरवून पहाटे त्याच झाडाखाली आणून सोडतो. चकव्याइतकी चित्रपटाला अनुकूल कल्पना क्वचितच सापडेल : एक रस्ता, एक झाड, एक माणूस आणि दर खेपेला झाडाजवळ बदललेली एखादीच वस्तू. चार चौकटी कागदावर काढाव्यात, प्रत्येक चौकटीखाली फक्त ऐकू काय येते ते लिहावे, आणि संध्याकाळी सूर्य बुडाल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांच्या निळसर उजेडात चित्रण करावे. पूर्ण अंधारात मोबाइल केवळ दाणेदार काळोख टिपतो. तिन्हीसांजेला मात्र आकार दिसतो आणि चेहरा दिसत नाही. रातकिडे, मोटारीचा पंप, दूरच्या भजनाचे टाळ यांचे ध्वनी वेगळे मुद्रित करावेत आणि ऐन क्षणी ते सारे एकदम बंद करावेत. इंटरनेटवरून उतरवलेल्या किंकाळीपेक्षा ही शांतता अधिक घाबरवते. नावे मराठीत, सुवाच्य आणि प्रसंगाच्या गतीत बसतील अशी असावीत.

परंतु तंत्रापेक्षा महत्त्वाचा प्रश्न तो पहिलाच : भय कोणाचे? शहरातल्या बंदिस्त चित्रपटगृहात पांढऱ्या साडीतली बाई हा केवळ एक संकेत असतो. खेड्यात तो संकेत राहत नाही. गावाच्या कडेला एकटी राहणारी विधवा, नजर लागण्याचा आळ जिच्यावर येतो ती बाई, करणी केल्याच्या संशयाने जिला वाळीत टाकले जाते ती म्हातारी, या सगळ्या जणी खऱ्या असतात. त्यांना नावे असतात, आणि चित्रफीत मोबाइलवरून एका रात्रीत गावभर होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. ज्या प्रथेविरुद्ध १९३४ सालचा राजा क्रांतिवर्मा पडद्यावर उभा होता, तिच्याविरुद्ध कायदा व्हायला आणखी एकोणऐंशी वर्षे जावी लागली. अशा समाजात दोन मिनिटांचा आरंभ निरुपद्रवी असतोच असे नाही. कॅमेरा त्या बाईवर रोखला तर गावाचा संशय पडद्यावर पक्का होतो. तोच कॅमेरा तिच्याकडे बोट दाखवणाऱ्यावर रोखला, तर भय तेवढेच राहते, किंबहुना वाढते, आणि प्रेक्षकाला आपल्या शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदा वळून पाहावेसे वाटते.

भयपट करू नका, समाजप्रबोधन करा, असा उपदेश यात नाही. भुतेही असावीत, अंधार असावा, अंगावर काटा यावा. घाबरण्याची हौस ही कथेइतकीच जुनी आहे. म्हणणे इतकेच की आपल्या परंपरेने भयाचा आरंभ फार पूर्वी आणि फार नेमका करून ठेवला आहे. प्रभातच्या कलावंतांनी मूर्ती, काळोख आणि ज्योती यांच्या गर्दीतून एक माणूस वेचून काढला आणि त्याचा डोळा पडदाभर केला. विद्यार्थ्यांनी कॅमेरा सुरू करण्यापूर्वी त्या डोळ्याचा मालक आपल्या गावात कोण, हे ठरवावे. ते एकदा ठरले की वाडा, साडी आणि कुत्र्याचे रडणे यांवाचूनही दोन मिनिटे सहज भरतील.