स्पीकर ओळखणारा अ‍ॅम्प्लिफायर : एका तंत्राची कुळकथा

हाय-फाय संगीतयंत्रणेत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर ही दोन स्वतंत्र उपकरणे असतात, ती वेगवेगळ्या कंपन्यांची घेऊन एकमेकांना जोडता येतात, ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे एक तडजोड दडलेली आहे हे सहसा ध्यानात येत नाही. अ‍ॅम्प्लिफायरने आलेला विद्युतसंकेत त्याचा आकार न बदलता केवळ मोठा करावा, पुढे कोणता स्पीकर जोडला आहे याची चौकशी करू नये आणि स्पीकरने आपले दोष आपल्यापाशीच निस्तरावेत, असे या तडजोडीचे स्वरूप आहे. तिच्यामुळे ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळाले. परंतु ध्वनीच्या साखळीत सर्वाधिक विकृती ज्या दुव्यात निर्माण होते तो दुवाच दुरुस्तीच्या कक्षेबाहेर राहिला. पॅरिसच्या देव्हियाले या कंपनीने २०१३ मध्ये ‘स्पीकर अ‍ॅक्टिव्ह मॅचिंग’, संक्षेपाने ‘सॅम’, हे तंत्र आणले, तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर प्रथमच स्पीकरला ओळखू लागला असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात या तंत्राचे कूळ फार जुने आहे.

आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अभियंत्यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, त्याला जोडलेला कागदी शंकू आणि त्या शंकूच्या हालचालीने हलणारी हवा, ही रचना त्यानंतर मूलतः बदललेली नाही. या संशोधनातून १९२६ मध्ये बाजारात आलेल्या रेडिओला १०४ या स्पीकरच्या पेटीतच त्याचा अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला होता, ही गोष्ट या कुळकथेत महत्त्वाची आहे. कारण दोघे जन्मले तेव्हा एकत्रच होते. पुढे संगीतयंत्रणेचे सुटे भाग विकणारा व्यवसाय वाढला आणि बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये सुचलेला ऋण फीडबॅक, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलटवून आत परत देणे आणि त्यायोगे चूक कमी करणे, अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सर्रास वापरला जाऊ लागला. त्यामुळे स्पीकर कोणताही असो, ठरलेला विद्युतदाब अचूक देणारा अ‍ॅम्प्लिफायर बनवणे शक्य झाले आणि दोघांची फारकत कायम झाली.

या फारकतीची सर्वांत मोठी किंमत खर्जाला मोजावी लागते. शंकू आणि त्याला धरून ठेवणारे लवचीक आवरण यांची मिळून एक स्वाभाविक कंपनगती असते, जिला अनुनाद-कंप्रता म्हणतात. बंद पेटीतील स्पीकरचा आवाज या कंप्रतेच्या खाली दर सप्तकाला १२ डेसिबल या वेगाने घसरतो. ही घसरण एका सप्तकापुरती भरून काढायची तर त्या तळाशी अ‍ॅम्प्लिफायरला सोळापट शक्ती द्यावी लागते. शिवाय कंप्रता निम्मी झाली की तोच आवाज राखण्यासाठी शंकूला चौपट अंतर हलावे लागते, आणि हे अंतर यांत्रिक मर्यादेपलीकडे गेले तर स्पीकर निकामी होतो. म्हणून आंधळेपणाने खर्ज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर धोक्याचा ठरतो. स्पीकरची मर्यादा कोठे आहे हे त्याला ठाऊक असणे अनिवार्य ठरते.

हे ज्ञान अ‍ॅम्प्लिफायरला देण्याचे दोन मार्ग निघाले. पहिला मार्ग शंकूच्या हालचालीची प्रत्यक्ष खबर घेण्याचा. ब्रिटिश अभियंता पॉल फोइग्ट यांनी फीडबॅकवर आधारलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचे पेटंट १९२४ मध्येच मागितले होते. परंतु शंकूच्या हालचालीवरून फीडबॅक घेण्याच्या कल्पनेला घरगुती वस्तूचे रूप दिले ते हॉलंडच्या फिलिप्सने. तेथील क्लासेन आणि डी कोनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत शंकूवर बसवलेला दाबविद्युत स्फटिक त्याचे त्वरण मोजतो आणि अपेक्षित हालचालीपेक्षा जो फरक पडतो तो अ‍ॅम्प्लिफायर तत्क्षणी सुधारतो. सत्तरच्या दशकात फिलिप्सने असे स्पीकर विकले आणि लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. मात्र संवेदक, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत बांधलेले असल्याने ग्राहकाच्या घरी आधीपासून असलेल्या स्पीकरला या मार्गाचा काही उपयोग नव्हता.

दुसरा मार्ग स्पीकरचा स्वभाव आधीच मोजून ठेवण्याचा, आणि ‘सॅम’चा खरा पूर्वज या मार्गावर भेटतो. ऑस्ट्रेलियन अभियंता नेव्हिल थील यांचा छिद्रयुक्त पेट्यांवरील शोधनिबंध १९६१ मध्ये त्यांच्याच देशातील रेडिओ अभियंत्यांच्या नियतकालिकात आला आणि बाहेरच्या जगाने त्याची पुरेशी दखल घ्यायला १९७१ साल उजाडले, जेव्हा अमेरिकेतील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने तो पुन्हा छापला. स्पीकर आणि पेटी मिळून एक विद्युत फिल्टरच असतो, आणि फिल्टरचे सर्व प्रस्थापित गणित त्यांना लागू करता येते, ही थील यांची दृष्टी होती. अनुनाद-कंप्रता, लवचीकपणा, अवमंदन अशा मोजक्या राशी मोजल्या की पेटी बांधण्यापूर्वीच तिचा आवाज सांगता येऊ लागला. त्यांनी दिलेल्या स्पीकर आणि पेटी यांच्या २८ मांडण्यांपैकी बऱ्याच मांडण्यांत अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला एक सहायक फिल्टर गृहीत धरलेला आहे, म्हणजे विद्युत आणि यांत्रिक भाग मिळून एकच रचना मानलेली आहे. सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ च्या निबंधमालेत हे काम पूर्णत्वास नेले आणि या राशी दोघांच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. या कुळाचा मूळ पुरुष निवडायचा झाला तर तो मान थील यांच्याकडेच जातो, कारण अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरविषयी जे सांगायचे ते संख्यांत सांगता येते हे त्यांनी सिद्ध केले.

बाजारात ही कल्पना दोन वस्तूंनी रुजवली. एमआयटीतील प्राध्यापक अमर बोस यांनी १९६८ मध्ये आणलेल्या बोस ९०१ या स्पीकरबरोबर एक इक्वलायझर, म्हणजे ठरावीक कंप्रतांना कमी-जास्त करणारी पेटी, दिली जाई आणि ती केवळ त्याच स्पीकरसाठी बेतलेली असे. इलेक्ट्रो-व्हॉइसचा १९७३ चा इंटरफेस ए हा स्पीकर तर उघडपणे थील यांच्या गणितावर उभा होता आणि त्याच्याही सोबत स्वतःचा इक्वलायझर होता.

या साऱ्या पद्धती एक गोष्ट गृहीत धरत होत्या, की स्पीकर मंद आवाजात जसा वागतो तसाच मोठ्या आवाजातही वागतो. तसे घडत नाही. शंकू मध्यापासून दूर गेला की कॉइल चुंबकक्षेत्रातून अंशतः बाहेर पडते, तिच्यावरचा जोर घटतो, आवरण ताठ होते आणि मूळ संगीतात नसलेले स्वर उमटतात. जर्मनीतील ड्रेस्डेनचे वोल्फगांग क्लिपेल यांनी १९९२ मध्ये ‘मिरर फिल्टर’ या नावाने याचा उपाय मांडला: स्पीकरची प्रत्येक वक्रता मोजावी, तिची नेमकी उलटी प्रतिमा गणनेने तयार करावी आणि संकेत आधी तिच्यातून जाऊ द्यावा, जसा डोळ्याचा दोष मोजून त्याच्या उलट घासलेला चष्मा दिला जातो. लेझरने शंकूची हालचाल मोजणारी त्यांची उपकरणे पुढे स्पीकर-उद्योगात सर्वत्र पोहोचली.

‘सॅम’मध्ये हे धागे एकत्र आले. प्येर-एमान्युएल काल्मेल यांच्या अ‍ॅनालॉग-डिजिटल संकरित रचनेवर उभ्या असलेल्या देव्हियालेच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये संकेत अंकरूपात हाताळला जात असल्याने, विशिष्ट स्पीकरचे गणिती प्रतिरूप आतच चालवता येते. कंपनीने बाजारातील स्पीकर एकेक आणवून लेझरने मोजले, त्यांच्या नोंदी तयार केल्या, आणि ग्राहकाने आपल्या स्पीकरची नोंद मेमरी कार्डावरून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चढवायची अशी सोय केली. त्यानंतर अ‍ॅम्प्लिफायर खर्जाची घसरण आणि तिच्यामुळे होणारा विलंब भरून काढतो आणि शंकू मर्यादेजवळ येताच हात आखडता घेतो. फिलिप्सला जे एका बंद पेटीत जमले ते येथे परक्या कंपनीच्या स्पीकरवर, त्यात काहीही न बसवता, करता आले. या तंत्राचे खरे नावीन्य एवढेच आहे आणि ते लहान नाही.

त्याची मर्यादाही त्याच मार्गातून येते. नोंद मोजलेल्या नमुन्याची असते, घरातल्या जोडीची नव्हे. वापराने आवरण सैल होते, आणि तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढत असल्याने, मोठ्या आवाजात कॉइल १०० अंशांनी तापली तर तो सुमारे ४० टक्क्यांनी चढतो आणि आधीच्या मोजमापाशी फारकत घेतो. यावर उपाय म्हणजे कॉइलमधील विद्युतदाब आणि प्रवाह सतत मोजून तिच्याकडूनच तिची अवस्था जाणून घेणे. हा उपाय २०१० नंतरच्या दशकात मोबाइल फोनमधील चिमुकल्या स्पीकरसाठी बनवलेल्या ‘स्मार्ट अ‍ॅम्प्लिफायर’ चिपांमध्ये आला, आणि त्यात स्पीकरचे गणिती प्रतिरूप व प्रत्यक्ष मोजमाप हे दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरले जातात.