ताबा आणि पालकत्व

चांद्याचा गोंड राजा बीरशाह अठराव्या शतकाच्या प्रारंभी पुत्रावाचून निवर्तला, तेव्हा राणी हिराईने रामशाहास दत्तक घेतले व तो जाणता होईपर्यंत राज्यकारभार स्वतः पाहिला. मुलाचे संगोपन आणि त्याच्या दौलतीचा कारभार ही दोन्ही एकाच स्त्रीच्या हाती होती. पुढे कायद्याने या दोहोंची फारकत केली.

विभक्त आईबापांच्या मुलांसंबंधी बोलताना ‘ताबा’ व ‘पालकत्व’ हे शब्द आपण समानार्थी मानतो. वस्तुतः मूल कोणापाशी राहावे हा ताब्याचा प्रश्न. त्याच्या शिक्षणाचा व मिळकतीचा निर्णय कोणी करावा हा पालकत्वाचा. १९५६ च्या हिंदू कायद्याने पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईस दिला. नैसर्गिक पालक मात्र प्रथम बाप, व ‘त्याच्यानंतर’ आई. कूस आईची, सही बापाची!

या भेदाचा जाच १९७० साली विदर्भातील एका शेतजमिनीच्या दाव्यात उघड झाला. अल्पवयीन मुलीची जमीन आईने कुळास लावून दिली होती. बाप हयात होता, परंतु कित्येक वर्षे विभक्त राहून मुलीकडे ढुंकूनही पाहत नव्हता. असा बाप नसल्यातच जमा, असे मानून सर्वोच्च न्यायालयाने आईसच नैसर्गिक पालक ठरविले. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ म्हणजे ‘त्याच्या अभावी’ असा व्यापक अर्थ लावला.

१९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातील माडिया व गोंड मात्र या १९५६ च्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. अनुसूचित जमातींस तो केंद्राच्या अधिसूचनेवाचून लागू होत नाही. तेथे रूढी चालते, आणि मूल बापाच्या कुळाचे गणले जाते. तंटा जिल्हा न्यायालयात गेल्यास १८९० चा पालक व पाल्य कायदा उपयोगी पडतो. त्यात मुलाचे वय, हित, आणि ते समंजस असल्यास त्याची इच्छाही विचारात घेतली जाते.

ज्याच्यापाशी मूल नाही त्यास भेटीचा हक्क देण्याची रीत आहे. २०१५ साली विधी आयोगाने संयुक्त ताब्याचीही शिफारस केली. नावे कितीही असोत, कसोटी एकच: मूल ही कोणाची मिळकत नव्हे. राज्य राखण्यासाठी चांद्याने हिराईवर जो विश्वास टाकला, तो एका सामान्य आईवर टाकावयास कायद्यास सुमारे अडीच शतके लागली, हे मात्र विसरता येत नाही.