काशीचा हरताळ

काशीयात्रेहून परतलेला मराठी माणूस तीन गोष्टी घेऊन येतो : गंगाजलाचा गडू, पंड्यांविषयीच्या तक्रारी आणि अहिल्याबाईंच्या पुण्याईचा अभिमान. आम्हीही हे सारे घेऊन आलो. विश्वेश्वराचे देऊळ अहिल्याबाईंनी १७८० साली पुन्हा उभे केले. दशाश्वमेधावरून नावेत बसून प्रवाहाबरोबर निघावे, तो मणिकर्णिकेपलीकडे शिंद्यांचा घाट येतो, भोसल्यांचा घाट येतो, आणि ऊर भरून येतो. मात्र आमची नाव वल्हवणाऱ्या मल्लाहाच्या पूर्वजांनी एकदा काय केले, ते कोणी पंड्या सांगत नाही. ते आज सांगावयाचे आहे.

१८१० साली कंपनी सरकारने बंगाल, बिहार, ओरिसा आणि बनारस येथील शहरांतील घरांवर कर बसविला. काशीकरांचे म्हणणे साधे होते. स्टँपाचा कर आहे, मालावरील जकात आहे, मोहल्ल्याच्या फाटकावरील पहारेकऱ्याचा खर्च आम्हीच देतो. आता राहत्या घरावरही कर कशासाठी? डिसेंबरात दुकाने बंद झाली. हजारो लोक घरेदारे सोडून शहराबाहेरच्या मैदानात जाऊन बसले. मारामारी नाही, लुटालूट नाही. नुसते बसून राहिले.

या हरताळाचा कणा होते लोहार. त्यांनी हत्यारे खाली ठेवली. मागोमाग मिस्त्री, शिंपी, न्हावी, कहार आणि विणकर जुलाहेही आले. मल्लाहांनी नावा बांधल्या. ज्या काशीत मरण यावे म्हणून माणसे शेकडो कोस चालत येतात, तेथे अंत्यसंस्काराला माणसे मिळेनात, आणि प्रेते तशीच गंगेत सोडावी लागली. हे वाचताना आम्हांलाही सुख होत नाही. हरतालाची झळ सरकारच्या आधी शेजाऱ्याला लागते, हे ज्याने संप केला आहे तो जाणतो.

श्रोतेहो, एक तारीख ध्यानात ठेवा. १८०९ साली, म्हणजे अवघ्या वर्षापूर्वी, याच शहरात लाटभैरवावरून हिंदू-मुसलमानांची भयंकर दंगल झाली होती. त्याच दंगलीतले जुलाहे आणि हिंदू कारागीर आता एकाच मैदानात बसले. त्यांची मने एका वर्षात निर्मळ झाली, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कर दोघांच्याही घरांवर होता, आणि तेवढे कारण त्यांना पुरले.

सगळेच शौर्याचे घडले नाही. कलकत्त्यास चालत जाऊन दाद मागावयाचे ठरले, घरटी माणूस नाहीतर खर्च द्यावा असे ठरले. प्रत्यक्षात थोडेच निघाले आणि तेही मागे फिरले. शेवटी काशीच्या राजाने मध्यस्थी केली, लोकांनी माफी मागितली आणि ते घरी गेले. त्या दिवशी हरताळ फसला असेच कोणी म्हटले असते. पण १८१२ साली तो कायदाच सरकारने मागे घेतला.

म्हणून काशीस जाल तेव्हा घाटांवरील नावे अवश्य वाचा. मग नावाड्याशी भाड्याची घासाघीस करण्यापूर्वी क्षणभर थांबा. त्याच्या आज्याच्या आज्याने एकदा हे वल्हे खाली ठेवले होते, आणि कलकत्त्याच्या सरकारला ते ऐकू गेले होते.