सहलीचे फोटो आणि डोक्यावरचा सूर्य

सुट्टीत बरे फोटो कसे काढावेत हे शिकवणाऱ्यांचा पहिला धडा पिढ्यान्‌पिढ्या एकच राहिला आहे : सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी आणि माणसं सूर्याकडे तोंड करून. मराठी घरांतले जुने अल्बम उघडले की हा धडा किती निष्ठेने पाळला गेला ते दिसतं. किल्ल्याच्या दरवाज्यापुढे किंवा धरणाच्या भिंतीवर एका ओळीत उभी मंडळी, मिटत आलेले डोळे, भुवयांखाली काळे डाग, आणि सगळे इतके लांब की काका कोणते नि मामा कोणते हे टोपीवरून ठरवावं लागतं. याचा दोष आपण काढणाऱ्याच्या अडाणीपणाला देतो, नाहीतर उभ्या असलेल्यांच्या अवघडलेपणाला. माझं म्हणणं असं, की ती माणसं नियम मनापासून पाळत होती. नियमच दुसऱ्या अक्षांशावर आणि दुसऱ्या यंत्रासाठी लिहिलेला होता. सुट्टीच्या फोटोंचं शिक्षण आज सुरू करायचं तर हा इतिहास आधी समजून घ्यायला हवा.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्टुडिओ चालवला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्याच काळातले छायाचित्रकार. या पिढीला शिकावी लागत ती मुख्यतः रसायनं. ओल्या कलोडियनची काच तयार करायची, ती ओली आहे तोवरच फोटो घ्यायचा आणि तेवढ्यातच धुवायचा. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. दख्खनच्या उन्हाळ्यात ही मुदत आणखी आखूड. बाहेरगावी काम असेल तर काळोखा तंबू सोबत न्यावा लागे. एक काच बिघडली की इतकी मेहनत पाण्यात, म्हणून उजेड कुठून येतो, किती येतो, हे आधी पाहायची सवय हाताला लागलेलीच असे. स्टुडिओवाल्यांनी हे ज्ञान धंद्यात जपलं : उत्तरेकडचं काचेचं छप्पर, त्याखाली सरकते पडदे, चेहऱ्याची एक बाजू किंचित सावलीत. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले तेही असंच, हाताने काम करत. मग १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा आला आणि १९०० मध्ये एक डॉलरचा डबा-कॅमेरा, ब्राउनी. रसायनं ग्राहकाच्या हातून गेली आणि त्यांच्याबरोबर शिकणंही गेलं. उरलं ते डब्यासोबत येणारं माहितीपत्रक, आणि त्यातलं पाठीशी असलेल्या सूर्याचं वाक्य.

त्या यंत्रापुरतं ते वाक्य बरोबरच होतं. आपल्याकडे घरोघरी पोचलेला आग्फा क्लिक-थ्री घ्या. साधं भिंग, एफ ८.८ चं अॅपर्चर, शटरचा एकच वेग, साधारण सेकंदाचा तिसावा भाग. १२० चा रोल, त्यात बारा फोटो. ऊन आणि ढग अशा दोन खुणा, एवढंच काय ते हातात. फिल्म शंभर एएसएची असली, तर भर उन्हात उजेड गरजेपेक्षा जास्तच पडायचा आणि कृष्णधवल फिल्म तो सोसायची. झाडाखालच्या सावलीत उजेड सुमारे आठपट कमी, म्हणजे तिथे काम जेमतेम भागायचं. त्याहून मंद फिल्म असली की चेहरे काळेच. भिंग एकाच अंतराला बसवलेलं, त्यामुळे दहा फुटांच्या आत माणूस आला की अंधुक. आणि बारा फोटोंत चार दिवसांची सहल बसवायची असेल, तर दगडावरची नक्षी किंवा झोपलेलं मूल टिपायला रोल कोण खर्च करणार? प्रत्येक फोटोत सगळी मंडळी आलीच पाहिजेत, म्हणजे कोण कोण आलं होतं याचा पुरावा राहतो. लांब उभं राहणं, ओळीत उभं राहणं, उन्हात उभं राहणं ही तिन्ही या डब्याची गणितं आहेत. त्यात आपल्या स्वभावाचा वाटा फार थोडा.

यंत्राचं समजलं, पण सूर्याचं काय? कोडॅकचं रॉचेस्टर शहर ४३ अंश उत्तरेला आहे. तिथे ऐन जूनच्या दुपारीही सूर्य क्षितिजापासून सत्तर अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि लंडनमध्ये तर बासष्टच्या आसपासच अडतो. अशा ठिकाणी सूर्याला कायम एक बाजू असते. त्याच्याकडे पाठ करता येते. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. मेच्या मध्यावर इथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर असतो. नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी. त्या उन्हात कोणत्याही दिशेला तोंड केलं तरी कपाळ पांढरं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या. (मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य पुण्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, उत्तरेच्या काचेवर विसंबणाऱ्या स्टुडिओलाही या दिवसांत पडदे ओढून घेणं भागच.) विलायती वाक्य मराठी मे महिन्यात लावलं आणि त्याचे परिणाम अल्बमांत चिकटवून ठेवले, असं म्हटलं तर ते फारसं अन्यायाचं होणार नाही.

या सगळ्याला वारज्याची जागा चांगली साक्ष देते. १९९७ मध्ये महापालिकेत येईपर्यंत वारजे हे पुण्याच्या हद्दीबाहेरचं, मुठेकाठचं गाव. कर्वेनगर ओलांडून निघालेला रस्ता वारजे, शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे करत राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या दाराशी पोचतो, आणि पुढे खडकवासल्याच्या पाण्याकडे. १९५५ मध्ये प्रबोधिनीचं उद्घाटन झालं तेव्हापासून हा रस्ता शहराच्या ओळखीचा झाला आणि सहलींचाही. त्यावरच्या टेकड्या मे महिन्यात उघड्याबोडक्या असायच्या. सावलीची कड शोधावी म्हटलं तरी सापडायची नाही. वारज्याची वन खात्याची १६.८ हेक्टरची टेकडी २०१५-१६ मध्ये अशीच होती, ओसाड आणि अतिक्रमणांनी वेढलेली. तिच्यावर देशी झाडं लावली गेली, आणि ५ जून २०२० रोजी केंद्राने दोनशे शहरांसाठी नगर वन योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून वारज्याचं नाव घेतलं. पर्यावरणवाले तिथले पक्षी आणि फुलपाखरं मोजतात, ते योग्यच. छायाचित्रण शिकणाऱ्याने मात्र तिथली सावली मोजावी. माणसाला सावलीच्या आत, पण कडेपासून हातभर अंतरावर उभं करायचं आणि तोंड उघड्या आकाशाकडे ठेवायचं. समोरून मऊ उजेड येतो, डोळे उघडे राहतात. जुन्या स्टुडिओतल्या काचेच्या छपराचं काम इथे झाडं करतात.

आक्षेप दोन संभवतात. पहिला असा, की आपली माणसं कॅमेऱ्यापुढे मुळातच ताठ होतात. फोटो काढल्याने आयुष्य घटतं अशी समजूतही एकेकाळी होती. पण संस्कार इतका खोल असता, तर मोबाइल आल्यावर दहाएक वर्षांत तो वितळला नसता. त्याच घरांतली माणसं आज हात लांब करून, मान वाकडी करून, हसत उभी राहतात. फोटो फुकट झाला, जवळून काढता येऊ लागला, आणि ताठपणा गेला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : फोन सगळं स्वतःच करतो, मग शिकायचं कशाला? उजेड-अंधाराची तडजोड फोन खरोखर उत्तम करतो, त्या बाबतीत जुन्या हौशींचा कुरकुरणारा सूर मला पटत नाही. पण कुठे उभं राहायचं आणि किती वाजता निघायचं हे तो ठरवत नाही. त्याचं मुख्य भिंग रुंद कोनाचं असतं. घोळक्यात कडेला उभ्या असलेल्याचा चेहरा ओढल्यासारखा येतो आणि जवळून काढलेल्या चेहऱ्याचं नाक मोठं दिसतं. उपाय साधा, दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूम. डब्याने आपल्याला लांब उभं राहायला लावलं होतं, फोन फार जवळ ओढतो. म्हणजे यंत्र बदललं की सवयींची नवी चूक तयार होते, आणि ती ओळखायला तेच जुनं ज्ञान लागतं : अंतर, दिशा, वेळ.

वेळेबाबत एक गोष्ट माहितीपत्रकांनी आपल्यापासून जवळजवळ लपवूनच ठेवली. ढगाची खूण ही त्या डब्यांवर नाइलाजाची खूण होती, म्हणून पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवायची रीत पडली. आजच्या यंत्राला ढगाळ आकाशाचं वावडं नाही, आणि आषाढ-श्रावणातलं आकाश चेहऱ्यासाठी मेपेक्षा कितीतरी चांगलं. जुलैच्या अखेरीस पुण्यावर दुसरा शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य तेव्हाही अगदी डोक्यावर असतो, पण बहुतेक वर्षी ढगांमुळे तो कुणाला कळतच नाही, आणि भर दुपारी बारालाही टेकडीवर बिनधास्त फोटो काढता येतात.