मशीन सदोष निघाली तर परत कोण मागवतं?

दापोडे (ता. भिवंडी) : इथला पेशंट भिवंडी-ठाण्याला दाखल झाला की उशाशी मॉनिटर लागतो. नाडी, बीपी, ऑक्सिजन त्यावर दिसतं. पण अलार्मच वाजला नाही तर? असा दोष निघाल्यास वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे कंपनीने किंवा आयातदाराने माल परत मागवायचा असतो, यालाच रिकॉल म्हणतात. कागदावर सोपं आहे. डीप्यू कंपनीचे 'एएसआर' कृत्रिम खुबे २०१० मध्ये जगभरातून परत मागवले. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या, बहुतेक पेशंटचा पत्ताच लागेना. भरपाईचा हिशोब ठरायला २०१८ उजाडलं.

खताच्या गोणीवरचा बॅच नंबर आपण बघतोच ना, तसा मशीनवरचा मॉडेल आणि सिरियल नंबरही टिपून ठेवावा. बिघाड वाटला तर आधी नर्सला हाक मारा. तक्रारीसाठी टोल फ्री : १८००-१८०-३०२४.