राहुरी ते नगर: एका दिवसात की दोन?

आजचा भाग त्यांच्यासाठी, जे शाळेत पीटीच्या तासाला झाडाखाली बसायचे आणि आता म्हणतात, "मॅरेथॉन धावणं जमणार नाही, पण चालून पूर्ण करता येईल का?"

येईल. पण आधी अंतर समजून घेऊ. मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर. राहुरी ते नगर रस्ता साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटरचा, म्हणजे शर्यत त्याहून थोडी जास्तच. एसटीत बसलं तर तासाभरात नगर. पायी?

याचं उत्तर दरवर्षी आपल्या जिल्ह्यातून चालत जातं. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी पारेगाव, गोगलगाव, राजुरी, बेलापूर करत राहुरीला येते. तिथून एका दमात नगर गाठत नाही. मध्ये डोंगरगणला मुक्काम पडतो, दुसऱ्या दिवशी नगर. पुढे साकत, घोगरगाव, मिरजगाव. या दिंड्यांत शेतकरी असतात, आजीबाई असतात, दुकान बंद ठेवून आलेले काका असतात. खेळाडू म्हणावं असं कुणी शोधावं लागेल. तरी सगळे पंढरपूरला पोचतात.

कसे? त्याचं गुपित वेगात नाही, वेळापत्रकात आहे. 19व्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांचा क्रम, विसावे, मुक्काम, सगळं ठरलेलं. त्या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा म्हणजे पुणे ते सासवड, दिवेघाट चढून. आता गंमत बघा: त्याच्या आधी पुण्यात दोन दिवस मुक्काम आणि घाट चढून गेल्यावर सासवडलाही जास्तीचा मुक्काम. कारणं वेगळी असतील, पण पायांच्या दृष्टीनं याचा अर्थ एकच: विश्रांती, मोठा टप्पा, पुन्हा विश्रांती. आजचे प्रशिक्षक हेच सांगतात.

मग शर्यतीत काय बदलतं? घड्याळ. त्यासाठी शंभर वर्षं मागे जाऊ. 1919च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये दोराबजी टाटांनी अनवाणी धावणारे शेतकरी पाहिले. सराव नाही, बूट नाहीत, तरी वेळ मात्र दाद देण्यासारखी. योग्य प्रशिक्षण आणि आहार मिळाला तर ही माणसं जगात उभी राहतील, असं त्यांना वाटलं. 1920च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला त्यामागे ही धडपड होती. मॅरेथॉनमध्ये आपले दोघे उतरले, फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. तिथली शर्यत नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरची. चौगुले 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही.

दातारांना कमी लेखू नका. दोघेही कणखरच होते. पण दम असणं आणि ठरलेल्या दिवशी, परक्या हवेत, ठरलेल्या अंतरासाठी तो पुरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोराबजींना सरावाचं महत्त्व वाटलं, ते यासाठीच.

आता आपलं गणित. समजा शर्यतीला सात तासांची मुदत आहे. म्हणजे ताशी सहा किलोमीटर, दर दहा मिनिटांना एक. आपण सहज चालतो ताशी चार-साडेचारनं. त्या चालीनं साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतील. म्हणजे कमवायचे आहेत ते हे अडीच ते साडेतीन तास, आणि ते शेवटच्या आठवड्यात मिळत नाहीत.

म्हणून आजच टप्पे पाडा. आठवड्यातले चार दिवस पाऊण तास झपझप चाला. पाचव्या दिवशी, बहुतेकांचा रविवार, लांब पल्ला. सुरुवात आठ किलोमीटरनं, मग दर आठवड्याला दोन वाढवा. दर चौथ्या आठवड्यात मात्र पल्ला कमी करा, तो तुमचा डोंगरगणचा मुक्काम. असं केलं तर पंधराव्या आठवड्यात तीस किलोमीटर होतात. मग दोन-तीन आठवडे चालणं हलकं करून शर्यत. बूट, मोजे, पाणी, खाणं हे सगळं लांब पल्ल्यातच आजमावून बघा, शर्यतीच्या दिवशी नवं काही नको. शुगर, बीपी किंवा छातीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि नाव नोंदवण्याआधी मुदत किती ते वाचा.

बरेच जण सराव सोडतात ते पाय दुखले म्हणून नाही, तर विश्रांतीचा दिवस त्यांना हरल्यासारखा वाटतो म्हणून. त्या दिवशी पालखी आठवा. डोंगरगणला थांबल्यामुळे ती कधी नगरला पोचली नाही, असं झालेलं नाही.

तुमचा पहिला टप्पा कुठून कुठपर्यंत, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!